युवराजला उतरवा

जगदेवीची आणि माझी ओळख झाली ती तिनं माझ्या मुस्काटात मारल्यामुळे. सात वर्षं झाली त्याला. मी सरकारी कचेरीत क्लार्क आहे आणि संध्याकाळी आमच्या मंडळाच्या बास्केटबॉल सामन्यांचं गुणपत्रक लिहितो. त्या दिवशी आमच्या पोरांची एक बास्केट माझ्याकडून लिहायची राहिली. मैदानाच्या फाटकाशी कडक भाकऱ्या विकायला बसणारी एक बाई उठली, हात पदराला पुसत टेबलापाशी आली आणि म्हणाली, “दोन लिव्ह.” मी म्हटलं, “बाई, मागं व्हा.” तिनं एक ठेवून दिली. माझा चष्मा पाच फुटांवर जाऊन पडला. मग तिनंच तो उचलून आणला, फुंकर मारून माझ्या नाकावर बसवला आणि पुन्हा म्हणाली, “दोन लिव्ह.” मी लिहिले. बास्केट झालीच होती, खोटं कशाला बोला?

तेव्हापासून आमचं चांगलं जमलं. सामना सुरू व्हायच्या आधी ती मला अर्धी कडक भाकरी आणि वर शेंगाचटणी आणून द्यायची आणि म्हणायची, “खावा क्लार्कसाहेब, डोळं नीट चालतील.” तिच्या भाकऱ्या पापडासारख्या कडक, महिनाभर टिकणाऱ्या. रोज पहाटेपासून ती दीडशे थापायची. त्यामुळे तिचा हात काय वजनाचा असेल ते मला वेगळं सांगायला नको.

ती अक्कलकोटच्या पलीकडची. घरात कानडी, बाजारात मराठी आणि शिव्या दोन्हींत. तिचा नवरा सिद्धलिंगप्पा मार्केट यार्डात हमाली करायचा आणि तालमीत कुस्ती. सव्वासहा फूट उंच होता म्हणे. त्यानं तिला अकरा वर्षं मारलं. पहिल्या वर्षी तिचा पुढचा दात गेला, चौथ्या वर्षी डावा कान. दुसऱ्या बायका पोरांचे जन्म सांगतात तसं ती हे सांगायची. अकराव्या वर्षी एका सकाळी त्यानं मागून तिचे केस धरले, तेव्हा तिच्या हातात चुलीवरून उतरवलेला तवा होता. तिनं तो वळून त्याच्या उघड्या खांद्यावर दाबून धरला.

“किती वेळ?” मी एकदा विचारलं.

“भाकर पलटी करायला लागतो तेवडा.”

सिद्धलिंगप्पा त्याच आठवड्यात विजापूरकडे गेला आणि परत आला नाही. तवा तिच्याकडंच आहे. शेंगाचटणीबरोबर ज्या भाकऱ्या आम्ही खातो त्या त्याच तव्यावरच्या.

पण अकरा वर्षं अंगातून जात नाहीत. डाव्या बाजूनं कुणी अचानक आलं, कुणी डोकं खाजवायला जरी हात वर केला, तरी तिची मान झटकन खांद्यात जायची आणि डावा हात तोंडापुढे यायचा. क्षणभरच. मग ती सावरायची आणि ज्याच्यामुळे हे झालं त्याला शिव्या द्यायची. आमच्या मैदानावर सगळ्यांना हे माहीत होतं आणि कुणी त्यावर बोलत नसे.

आता आमच्या प्रेक्षकांबद्दल. ही माणसं मुळातली कुस्तीची. मैदानामागची तालीम बंद पडली तेव्हा ती भिंत ओलांडून बास्केटबॉल बघायला आली आणि येताना सगळ्या सवयी घेऊन आली. कुस्तीच्या फडात जोड पटली नाही की लोक सरळ आखाड्यात उतरतात, पंचाला घेरतात, हातवारे करून भांडतात, आणि पंच ऐकतोही. आमच्या लोकांना बास्केटबॉलचं कोर्ट म्हणजे सिमेंटचा फडच वाटायचा. त्यांचा म्होरक्या चन्नप्पा, रिक्षावाला, दोन्ही कान मोडलेला जुना पैलवान. तो आमच्या खेळाडूंना पैलवान म्हणायचा आणि बास्केट झाली की “चितपट” असं ओरडायचा. मला या लोकांची चीड यायची, आणि ते नसले की मैदान मोकळं मोकळं वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी युवराज आला. आमचे कोच अनीश सर, कॉलेजात खेळाचे शिक्षक. त्यांना तो कुंभारीच्या एसटीत दिसला, छताखाली मान वाकवून उभा. सरांनी आधी उंची विचारली आणि मग नाव. सहा फूट सात इंच, वय सतरा. आई वच्छला कामगार वस्तीत घरी बसून विड्या वळते. बाप भीमा एके काळी गवंडी होता, आता घरीच असतो. एवढंच आम्हाला कळलं.

पहिल्याच दिवशी कुणीतरी मारलेला चेंडू जगदेवीच्या चळतीवर बसला आणि चाळीसेक भाकऱ्या फुटल्या. पोरं हसली. युवराज गेला, उकिडवा बसला आणि एक एक तुकडा उचलून परातीत ठेवू लागला. सराव सोडून अर्धा तास तो तेच करत होता. मग उठून उभा राहिला तेव्हा त्याची सावली तिच्यावर, परातीवर, मागच्या भिंतीवर पडली.

त्या संध्याकाळी ती माझ्या टेबलाशी येऊन नुसतीच उभी राहिली. 

“क्लार्कसाहेब, येवडा मोटा बाप्या माज्या अंगावर सावली पाडून हुबा ऱ्हायला,” ती म्हणाली, “आन् माजी मान आत गेली न्हाय.”

त्या दिवसापासून तो तिचा ‘मगा’ झाला. कानडीत मगा म्हणजे लेक.

आणि हा लेक दोन वर्षं बाकावर बसून राहिला. सामना जिंकून झाला किंवा हरून झाला की अनीश सर शेवटची दोन मिनिटं त्याला पाठवायचे. तो जायचा, कुणाला धक्का लागला की “सॉरी” म्हणायचा आणि परत येऊन बसायचा. पण सरावात एकटा असला की हाच पोरगा रिंगला लटकायचा आणि बोर्ड हादरवायचा. ते लोकांनी पाहिलं होतं. मग ओरडा सुरू झाला, “युवराजला उतरवा.” जगदेवी परातीवर उलथणं आपटायची आणि बाकीचे तिच्या ठेक्यावर ओरडायचे. पुढे ओरडण्यावर भागेना. एका हरलेल्या सामन्यानंतर सरांच्या मोटारसायकलची सीट कुणीतरी उभी फाडली. दुसऱ्या वेळी खुर्ची आली, ती सरांना लागायच्याऐवजी पाणी देणाऱ्या म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर बसली. सर काहीच बोलायचे नाहीत. त्यांच्या गप्प राहण्याचा मलाही राग यायचा. मला वाटायचं, या माणसाला एवढी कसली मिजास आहे?

यंदाच्या मे महिन्यात गोष्ट हातघाईवर आली. आमच्या खुल्या स्पर्धेच्या फायनलला एका सरकारी खात्याचे निवडकर्ते येणार होते. खेळाडू कोट्यात त्यांना एक उंच सेंटर, म्हणजे रिंगखाली खेळणारा गडी, हवा होता. तंबाखूच्या धुळीनं वच्छलाची छाती इतकी धरली होती, की तिला विड्यांचं सूप मांडीवर घेऊन तासभर बसवत नव्हतं. सरळ हिशेब होता. फायनलला युवराज कोर्टवर दिसला तर नोकरी, बाकावर दिसला तर आईच्या जागी बसून विड्या.

सेमीफायनलला बेचाळीस अंश होतं. संध्याकाळचे सहा वाजले तरी सिमेंट पायाला चटके देत होतं. चार मिनिटं राहिली होती, आम्ही पाच गुणांनी पुढे होतो, आणि युवराज बाकावर. चन्नप्पा उठला, लेंगा वर खोचला आणि कोर्टात उतरला. त्याच्यामागे दहा-बाराजण. जगदेवी त्यांच्याही पुढे. खेळ चालू असताना मधोमध उभी राहून ती पंचाला सांगत होती, “ही जोड आमास्नी मान्य न्हाय. त्या पोराला उतरवा, मग चालू करा.”

पंच पुण्याचा. त्यानं असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं. त्यानं शिट्टी फुंकून आमच्या बाकावर टेक्निकल फाऊल दिला. समोरच्यांना एक फ्री थ्रो, आणि चेंडू तर आधीच त्यांच्याकडे होता. चन्नप्पाला वाटलं पंच आपलं ऐकतोय, म्हणून त्यानं त्याच्या खांद्यावर हात टाकला. पंचानं तो झटकला, चन्नप्पानं त्याला ढकललं, समोरच्या संघाचे दोघं धावून आले आणि चन्नप्पाच्या तोंडावर बुक्की बसली. पाच मिनिटं नुसती हाणामारी. कुणाचा तरी दात माझ्या टेबलाखाली आला होता, तो मी सामना संपल्यावर पाहिला. सगळं शांत झाल्यावर खेळ सुरू झाला आणि आम्ही कसेबसे एका गुणानं जिंकलो.

जिंकूनही आमच्या कोचनं मार खाल्ला. फाटकाशी लोकांनी सरांना अडवलं. जगदेवीनं त्यांची कॉलर धरली, गळ्यातली शिट्टीची दोरी त्यात तुटली, आणि डाव्या-उजव्या दोन ठेवून दिल्या. सरांचा ओठ फुटला. हनुवटीवरून रक्त शर्टावर आलं. त्यांनी हात वर केला नाही.

“का बसवतोस त्याला? सांग की,” ती म्हणाली. “त्याच्या आईचा जीव चाललाय, आन् तू त्याला बाकावर सुकवाय लागलास.”

तिनं तिसऱ्यांदा हात उगारला तेव्हा मागून युवराज बोलला.

“सर न्हाय वो काकू. मीच नगं म्हनलो.”

तिचा हात तसाच वर राहिला.

“आबा आईला मारायचा,” तो म्हणाला. जमिनीकडे बघून बोलत होता, पण सगळ्यांना ऐकू जात होतं. “तीन वर्सांमागं म्या त्याचा हात धरला. निस्ता धरला. पिरगाळला आसंल जरा. कोपरात कट करून वाजलं. तवापासून त्याला थापी धरता येत न्हाय, जेवतो बी डाव्या हातानं. पर त्ये न्हाय, काकू. त्यो आवाज आईकला आन् मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. त्याचंच भ्या वाटतंय. म्या सरास्नी शपथ घातली, सामना रंगात आला की मला उतरवू नगा म्हनून.”

चन्नप्पा फुटलेल्या तोंडानं आकाशाकडे बघत होता. जगदेवीनं पदराचं टोक माठात बुडवलं आणि सरांचा ओठ पुसला.

“तुमी सांगायचं न्हाय व्हय?”

“त्याची शपथ होती,” सर म्हणाले.

मी सांगतो, त्या वेळी मला माझीच लाज वाटली. पण लाज दोनच दिवस टिकली, कारण फायनल चार दिवसांवर होती.

दुसऱ्या दिवशी जगदेवीनं युवराजला घरी बोलावलं. मी कचेरीतून सुटल्यावर गेलो तेव्हा तिनं पितळेची मोठी परात छातीपुढे धरली होती आणि ती त्याला म्हणत होती, “खांदा मार.” त्यानं हलकेच टेकवला. तिनं परात खाली ठेवून त्याला एक चापट मारली. पुन्हा परात धरली. “मार.” पुन्हा हलकेच. पुन्हा चापट. ती मधेमधे बोलत होती, भाकरी थापताना बोलावं तसं, हात न थांबवता.

“तुज्या हातानं तुजी आई वाचली. त्या हाताला कसली लाज? माज्या टायमाला आसा हात कुनाचा आला न्हाय, म्हनून मला तवा घ्यावा लागला. मार.”

तिसऱ्या दिवशी त्यानं मारला. जगदेवी परातीसकट मागच्या भिंतीवर आदळली आणि खाली बसली. परातीला मोठा पोचा पडला होता. युवराज पांढरा पडला. ती मात्र हसत होती, पुढचा दात नसलेलं तोंड उघडं टाकून.

अनीश सर दारात उभे होते. ओठावर अजून खपली होती. ते म्हणाले, “जगदेवीबाई, त्याला थांबायलाही शिकवा.”

“थांबायचं त्याला येतंय,” ती म्हणाली. “दोन वर्सं त्येच केलंय.”

  मला ते उत्तर फार आवडलं होतं.

फायनलला पाय ठेवायला जागा नव्हती. निवडकर्ते दोघं माझ्या शेजारच्या खुर्च्यांवर बसले होते. वच्छला पहिल्यांदाच मैदानावर आली होती. जगदेवीनं तिला आपल्या उजव्या बाजूला स्टूल दिलं होतं, ऐकू येणाऱ्या कानाकडे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही अकरा गुणांनी मागे असताना सरांनी युवराजकडे पाहिलं. युवराजनं मान डोलावली आणि तो उठला. मैदान असं ओरडलं, की पंचाची शिट्टी मला ऐकू आली नाही.

सुरुवातीला तो जुनाच युवराज होता. पाहुण्यांचा सेंटर दाढीवाला, आडव्या अंगाचा. त्यानं पहिल्याच चेंडूला युवराजच्या बरगडीत कोपर घातलं. युवराज मागं सरला आणि चक्क “सॉरी” म्हणाला. दुसऱ्यांदा गुडघा मांडीत. तिसऱ्यांदा खाली पडल्यावर हाताच्या बोटांवर बूट. पंच दुसरीकडे बघत होता. लोक चिडून वेडे झाले होते. “मार” या एका शब्दाखेरीज मैदानावर दुसरा शब्द नव्हता.

जगदेवी उभी राहिली.

“मगा, परात,” तिनं हाक दिली.

पुढच्या चेंडूला युवराजनं दाढीवाल्याच्या छातीत खांदा घातला. तो माणूस सिमेंटवरून घसरत बाहेर गेला, कोपरं सोलवटून. युवराजनं वळून चेंडू रिंगमध्ये दाबला. मी दोन लिहिले. मग पुन्हा दोन, आणि पुन्हा. त्याच्या आड येणारा प्रत्येक जण खाली जात होता. त्याला तीन फाऊल मिळाले, ते मी लिहिले. लोक प्रत्येक फाऊलला टाळ्या वाजवत होते. चन्नप्पा रडत होता. दाढीवाला लंगडत बाकावर गेला आणि त्याच्या जागी त्यांचा एक किडकिडीत पोरगा आला, अठरा वर्षांचासुद्धा नसेल.

रिंगवरून परत आलेल्या एका चेंडूसाठी दोघं उडाले. चेंडू युवराजच्याच हातात आला होता. खाली येताना कोपर बाहेर काढायची गरज नव्हती. त्यानं काढलं. त्या पोराच्या नाकावर ते बसलं, आणि तो आवाज टेबलापर्यंत आला. कट असा. पोरगा गुडघ्यांवर पडला. दोन्ही हातांच्या ओंजळीतून रक्त तापलेल्या सिमेंटवर पडत होतं आणि पडल्या पडल्या काळं होत होतं.

 युवराज त्याच्यावर वाकून उभा होता. मग मैदान फुटलं. शिट्ट्या, पत्र्यांचा खणखणाट, टाळ्या. मी क्लार्क माणूस, गुणपत्रक लिहिणारा, मीसुद्धा टेबलावर मूठ आपटली. मग मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो “सॉरी” म्हणाला नाही. त्याला बरं वाटत होतं. ते इतकं उघड दिसत होतं, की माझी मूठ आपोआप सुटली.

आम्ही सहा गुणांनी जिंकलो. निवडकर्त्यांपैकी एकानं मला त्याचं पूर्ण नाव विचारलं आणि लिहून घेतलं. “असाच पाहिजे,” तो दुसऱ्याला म्हणाला. नोकरीचं पत्र पुढे पंधरा दिवसांनी आलं, ते आत्ताच सांगून टाकतो. आता वच्छला विड्या वळत नाही.

त्या संध्याकाळी लोकांनी त्याला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, पण तो कुणाच्या हाती लागला नाही. त्याला जगदेवीकडे जायचं होतं. ती फाटकाशी उरलेल्या भाकऱ्या परातीत भरून, लोकांना फुकट वाटायला निघाली होती. तिची पाठ अर्धी वळलेली. तो गर्दीतून धावत आला, तिच्या डाव्या बाजूनं, बनियनवर त्या पोराचं रक्त. “काकू,” असं ओरडत त्यानं तिला कवेत घ्यायला हात वर केला.

जगदेवीची मान खांद्यात गेली. डावा हात तोंडापुढे आला. परात पडली, सगळ्या भाकऱ्या सिमेंटवर फुटल्या, आणि ती तशीच वाकून, डोळे घट्ट मिटून, मार बसायची वाट बघत उभी राहिली.

युवराज जागच्या जागी थांबला. ती खूण त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. लहानपणापासून त्यानं ती घरात पाहिली होती. वच्छला तिथंच स्टुलावर होती, आणि तिनं नजर खाली घातली.

जगदेवीनं डोळे उघडले. एरवी ती अशा वेळी शिवी द्यायची. त्या दिवशी दिली नाही.

पहिल्या दिवशी त्यानं उकिडवं बसून तुकडे गोळा केले होते. या वेळी तो वाकला नाही. वाकला असता तर त्याचे हात तिच्या पायांपर्यंत आले असते. तो चार पावलं मागं सरकला आणि त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकमेकांत धरले.

“काकू,” तो म्हणाला, “मी हाय की.”

“ठावं हाय, मगा,” ती म्हणाली. पण मान बाहेर यायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ तो तिथंच हात मागं धरून उभा होता.